मोजा बांधलेली फांदी

सांताना दा पाइनेइरा, ९ मार्च

एवाल्दो,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तीस वर्षं दुसरीच्या मुलांना पत्रलेखन शिकवलं, आता एक स्वतः लिहून बघते.

समेट करायला लिहीत नाही, गैरसमज नको. काम आहे, आणि तेही माझं नाही, क्लबचं.

हो, क्लब. हसून घे. दोना झुलेइका आठवते ना, पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि तिकिटं जिभेवर ओली करायची? तिने आता मागच्या अंगणात सत्तर डब्यांत सत्तर जातींची फळझाडं लावली आहेत आणि तिनेच मला 'दुर्मीळ फळांचे मित्र' नावाच्या या प्रकारात ओढलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये जमतात. मला वाटलं, कॉफी पिऊ, चीज-पाव खाऊ, दोन गप्पा मारू आणि घरी येऊ. कसलं काय! पंधरा माणसं, त्यातली चौदा एका वेळी बोलतात आणि पंधरावा म्हणजे अध्यक्ष सेउ अनाक्लेतो. तोच, औषधांच्या दुकानाचा. सर्दीला काय घ्यायचं ते सांगायचा, तसाच आता कुठल्या झाडाला काय घालायचं ते सांगतो. हात वर करून बोलायची पद्धत एकालाही माहीत नाही.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. प्रत्येकाच्या हातावर एकेक नारिंगी फळ ठेवलं, जांभळाएवढं. मी खाल्लं, गिळलं. झुलेइका कागदाचा पेला घेऊन समोर उभी. म्हणाली, "बी थुंक."

"गिळली."

"गिळली? अगं बाई, अख्ख्या जिल्ह्यात एकच झाड आहे त्याचं! यंदा वीस फळं धरली. वीस बिया! तू एक गिळलीस?"

मी म्हटलं, पाटी लावायची होती. त्यावर सेउ अनाक्लेतो अगदी गंभीरपणे म्हणाला, "काही बिघडत नाही, दोना जुरेमा. पोटातून बी सुखरूप जाते. उद्या सकाळी आणून द्या." हे सगळ्यांसमोर! आणि कुणीही हसलं नाही, एवाल्दो. ते खरंच वाट बघत होते.

मला राग आला. मी म्हटलं, तुमच्या त्या नारिंगी बोराचं काय कौतुक सांगता, माझ्या आईच्या झाडाची जाबुतिकाबा पिकली तरी हिरवीच राहते, काळी होतच नाही. बोलायला नको होतं. पंधराही माणसं माझ्याकडे वळली. अनाक्लेतोने चष्मा काढला, पुसला, परत घातला. असं झाड त्याने फक्त ऐकलं होतं म्हणे.

तर काम असं. आईने ते रोप नदीवरून आणलं तेव्हा तू बरोबर होतास, सहा वर्षांचा. मला गोवर झाला होता म्हणून मी घरी होते. नदीचा नेमका कुठला भाग ते अनाक्लेतोला हवं आहे. जागेचं नाव लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

क्लबचा एक नियमही सांगते, म्हणजे कसली माणसं आहेत ते कळेल. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडेच नसलेलं झाड आहे, त्याने वर्षाच्या आत त्याच्या तीन काड्या कलमासाठी तीन सभासदांना द्यायच्या. का, तर एकाचं मेलं तर दुसऱ्याकडून परत मागता यावं. मी सरळ नाही म्हटलं. आईचं झाड आईच्या अंगणात राहील. कुठल्या झुलेइकाच्या सत्तर डब्यांत एकाहत्तरावा डबा म्हणून नाही.

जुरेमा


४ मे

एवाल्दो,

दोन महिने झाले. जागेचं नाव लिहायला दोन महिने लागत नाहीत. पोस्टावर ढकलू नकोस. झुलेइकाने तिथल्या मुलीला विचारलं, पत्र तुला पोचलं आहे.

दर सभेला तोच विषय. "भावाचं उत्तर आलं का?" नाही. "तीन काड्या देता का?" नाही. मग चीज-पाव माझ्यापर्यंत पोचेपर्यंत ताट रिकामं. दाताचा डॉक्टर आहे एक, तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दोना जुरेमा, एकच काडी. कुणाला सांगणार नाही." एका काडीसाठी माझ्या तीन दाढा फुकट करून द्यायला तयार होता! मी त्याला विचारलं, चोरी करणाऱ्या माणसाच्या हातात मी माझं तोंड देईन असं वाटतं का तुम्हाला?

चोरीवरून आठवलं. तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते. आईला कबरस्तानात पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी ठेवत होते आणि अंगणातून करवतीचा आवाज आला. खिडकीतून बघते तर तू शिडीवर. मधली फांदी, मनगटाएवढी जाड. आईने तिच्यावर शेवटच्या वर्षी जुना मोजा बांधला होता, तोसुद्धा सोडला नाहीस. भिजलेल्या पोत्यात सगळं गुंडाळलंस. मी ओरडले. शेजारी कुंपणावर आले, मावशी जपमाळ घेऊन बाहेर आली, त्यांच्यासमोर मी तुला चोर म्हटलं. तू एक अक्षर बोलला नाहीस. पोतं उचललंस आणि चौदा तासांच्या बसने पारानाला निघून गेलास. नऊ वर्षं झाली.

करवत मात्र विसरलास. ती मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे, पुरावा म्हणून. कुणी विचारलं की सांगते.

त्या मोज्यावरूनही मला तेव्हा काय सोसावं लागलं ते तुला माहीत नाही. मार्चमध्ये आई शिडीवर चढली होती, त्या वयात! मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "झाडाचा हात दुखतोय, पट्टी बांधते." मग रोज बादलीने मोज्यावर पाणी. मी डॉक्टरला जाऊन सांगितलं की आईचं डोकं ठिकाणावर नाही. त्याने गोळ्या दिल्या, तिने त्या कोंबड्यांना टाकल्या.

नदीची जागा कळव.

जुरेमा


२६ जून

एवाल्दो,

परवा सांजुआंवचा सण झाला. शेकोटी पेटवली नाही, मक्याचा केक मात्र केला, कारण क्लब घरी येणार होता. मीच बोलावलं. म्हटलं, काडी देणार नाही, पण बघायला या, डोळ्यांनी काही जात नाही. त्यांच्या तोंडचे टोमणे थांबावेत म्हणून.

लोक घरी येणार म्हणून सगळी साफसफाई केली. अंगण झाडलं, कुंपणाला चुना दिला, झाडही जरा नीट दिसेल असं केलं. आई दर सांजुआंवला आंब्या-पेरूच्या बुंध्यांना चुना लावायचीच की नाही?

ते आले, बघितलं आणि केक न खाता गेले. अनाक्लेतो झाडासमोर येऊन डोक्याला हात लावून बसला, खरोखर खाली जमिनीवर बसला. झुलेइका हळूच म्हणाली, "जुरेमा, काय केलंस गं हे?" मला काय म्हणायचं होतं ते मी म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.

कारण विचारू नकोस. तशीही तुझी काही विचारायची सवय नाही.

जुरेमा


१७ ऑगस्ट

एवाल्दो,

आईच्या झाडाला तांबेरा पडला आहे. तुला माहीत असेल, पानांवर पिवळी भुकटी येते. यंदा सगळीकडेच आहे. पानं गळत आहेत. फुलं यायच्या दिवसांत खोडावर एक कळी नाही.

काळजीचं काही नाही. सहज विचारते: तू नेलेली ती फांदी जगली होती का? माझ्यासाठी नाही, क्लबला नोंद हवी आहे. जगली असेल तर 'हो' लिही. मेली असेल तर 'नाही' लिही. दोन्हीतलं एक अक्षर लिहायला हात झिजत नाही.

जुरेमा


२ सप्टेंबर

एवाल्दो,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी अख्खी दोन वाक्यं! 'तांबेऱ्याने पानं जातात, झाड जात नाही. काय केलंस?'

वाचून आधी संताप आला, मग रडू. तांबेरा नाही, खोटं लिहिलं. आता खरं लिहिते, एकदाच लिहीन, पुन्हा विचारायचं नाही.

क्लब येणार म्हणून मी बुंध्यांना चुना लावायला काढला. आंब्याला लावला, पेरूला लावला. चुना संपला. फाटकाचा पांढरा ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. म्हटलं, हा पावसाने धुऊन तरी जाणार नाही. थिनर घालून पातळ केला आणि आईच्या झाडाला खालपासून वरपर्यंत लावला. खोड, फांद्या, सगळं. दोन हात दिले, एवाल्दो. चकचकीत दिसत होतं. मी स्वतः लांब उभी राहून कौतुकाने बघितलं. जाबुतिकाबाला फूल खोडाच्या सालीतून येतं, फळ सालीला चिकटून धरतं, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही आहे. चाळीस वर्षं त्या खोडावरून फळं तोडून खाल्ली. पण लोक घरी येणार म्हटलं की माझं डोकं फक्त स्वच्छतेपुरतं चालतं.

तेवढ्यावर थांबले असते तर झाड कदाचित वाचलं असतं. अनाक्लेतो जाताना म्हणाला होता, "हात लावू नका, मी विचारून सांगतो." मी थांबणाऱ्यातली आहे का? दुसऱ्या दिवशी तारेचा ब्रश घेतला आणि घासला. साल कागदासारखी पातळ असते, रंगाबरोबर ती निघाली. खालची ओली हिरवी कातडी निघाली. पांढरं लाकूड दिसायला लागलं आणि मला वाटलं तो रंगच आहे, म्हणून आणखी घासलं. गोल, सगळीकडून. संध्याकाळपर्यंत मी ते झाड सोलून ठेवलं होतं.

आता एकही हिरवं पान नाही. अनाक्लेतो गेल्या आठवड्यात येऊन नखाने काड्या खरवडून गेला. एकही जिवंत नाही. बी म्हणशील, तर पिकलेलं फळ मी कधी ठेवलंच नाही. अर्धी खाल्ली, गिळली, अर्ध्यांची जेली केली. आणि बी तर फळाबाहेर दहा दिवससुद्धा टिकत नाही म्हणे.

एवढंच असतं तर मी हे पत्र आणखी महिनाभर ढकललं असतं. पण शनिवारी जादा सभा होती. मी मागच्या खुर्चीवर बसले, तोंड लपवून. अनाक्लेतो गुटी कलम शिकवत होता. एक फांदी घेतली. तिची साल बांगडीएवढी काढली. त्यावर ओलं शेवाळ ठेवलं आणि बांधायला प्लॅस्टिक शोधायला लागला. सापडेना. झुलेइका म्हणाली, "पूर्वी आम्ही जुना मोजा वापरायचो. पाणी झिरपतं आत. सहा-सात महिने ओला ठेवायचा, आतल्या आत मुळं फुटतात. मग खालून कापायची आणि ज्याला द्यायची त्याला द्यायची."

मी खुर्चीवरून उठले. कुणीतरी विचारलं, चक्कर येते का? मी म्हटलं, हो.

मार्चमध्ये मोजा बांधला, रोज पाणी घातलं, ऑक्टोबरमध्ये ती गेली. सात महिने. ती पट्टी नव्हती. आईचं डोकं ठिकाणावर होतं, माझंच नव्हतं. ती फांदी आईनेच तयार केली होती, आणि तुझ्यासाठी.

मग तू तोंड का उघडलं नाहीस? शेजारपाजार कुंपणावर, मावशी जपमाळ घेऊन उभी, मी चोर चोर म्हणून कोकलते आहे आणि तू ढिम्म! एक वाक्य बोलला असतास तर नऊ वर्षं वाचली असती. तुझ्या या गप्प बसण्याचा मला आयुष्यभर वैताग आला आहे. लहानपणी खिडकीची काच मी फोडली तेव्हाही तू गप्प बसलास आणि मार खाल्लास. तेव्हाही मला तुझाच राग आला होता.

ते झाड तुझ्याकडे जिवंत असेल तर मला काडी हवी आहे. क्लबसाठी नाही. मला हवी आहे. द्यायची नसेल तर नको देऊ, माझी तक्रार नाही.

जुरेमा


२० सप्टेंबर

एवाल्दो,

पार्सल मिळालं. पोस्टातल्या मुलीने दोन बोटांत धरून दिलं, पाणी गळत होतं. मला दोऱ्याची गाठ सुटेना म्हणून झुलेइकाने उघडलं. ओलं वर्तमानपत्र, त्याच्या आत शेवाळ, आणि त्याच्या आत तीन काड्या, प्रत्येकीच्या टोकाला मेण लावलेलं. तीनच. माझं मार्चचं पत्र तू नीट वाचलं होतंस म्हणजे.

चिठ्ठी वाचली. तू लिहिलंस: 'झाड छपरापर्यंत गेलं आहे. आई म्हणाली होती, जुरेमाला विचारू नकोस, ती पानसुद्धा देणार नाही, मी गेल्यावर कापून ने. तू रडत होतीस. आई तुझ्याबद्दल असं म्हणाली हे मी तुला त्या दिवशी सांगणार होतो का?'

मी ती चिठ्ठी घेऊन परसात गेले आणि आईवर ओरडले. मोठ्याने, नाव घेऊन. शेजारी पुन्हा कुंपणावर आले, येऊ देत. अकरा वर्षं मी तिला रांधून घातलं, कोंबड्यांना टाकलेल्या गोळ्या वेचून काढल्या, आणि ती माझ्याबद्दल हे म्हणते! आणि खरं तेच म्हणते, हे जास्त झोंबलं. देणार नव्हतेच मी. क्लबने मागितलं तेव्हा दिलं नाही, डॉक्टरने दाढा देऊ केल्या तेव्हा दिलं नाही. तू त्या दिवशी हात जोडून मागितलं असतंस तरी नाही म्हटलं असतं. ती मला ओळखून होती.

आणि तू चोर म्हणवून घेतलंस, पण तिचे शब्द माझ्यापर्यंत येऊ दिले नाहीस. तुला काय म्हणू ते मला सुचत नाही, आणि मला सुचत नाही असं फार वेळा होत नाही.

संध्याकाळी तीन काड्या घेऊन हॉलमध्ये गेले. सभेचा दिवस नव्हता, अनाक्लेतोला घरून उठवून आणलं. एक त्याला दिली, एक झुलेइकाला, एक मी ठेवली. तिघांनी साध्या जाबुतिकाबाच्या रोपांवर कलमं केली. दाताचा डॉक्टर उशिरा कळलं म्हणून माझ्याशी बोलत नाही. पुढची काडी त्याला, असं मी लिहून दिलं आहे.

जुरेमा


२२ नोव्हेंबर

एवाल्दो,

माझं कलम गेलं. रोज सकाळी प्लॅस्टिक सोडून बघत होते, डोळा फुटला का म्हणून. अनाक्लेतोने चार वेळा बजावलं होतं. पाचव्यांदा त्याने हात जोडले. काडी वाळली. मी अशीच आहे, आता या वयात काय बदलणार.

झुलेइकाचं जगलं. दोन पानं आली आहेत, तांबूस, नखाएवढी. अनाक्लेतोचंही जगलं. म्हणजे मी दिली ती दोन जगली आणि ठेवलं ते एक मेलं. क्लबमधल्या सगळ्यांनी हे माझ्यासमोर न बोलण्याची काळजी घेतली, झुलेइका सोडून.

मी रोज तिच्या अंगणात जाऊन त्या रोपाला पाणी घालते. ती म्हणते, "माझं झाड आहे, जुरेमा, मला हात आहेत." मी म्हणते, तुझ्या हातांवर माझा भरवसा नाही. मग भांडण होतं, मग कॉफी होते.

क्लबची पाटी लावायची पद्धत आहे. फळाचं नाव आणि खाली, ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव. झुलेइकाने माझं नाव लिहायला घेतलं होतं. मी पाटी तिच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः लिहिली, फळ्यावरच्या अक्षरात: 'एवाल्दोची जाबुतिकाबा'. त्याखाली आईचं नाव. मावशीला आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना मुद्दाम नेऊन दाखवली. त्या दिवशी जे जे कुंपणावर होते त्या सगळ्यांना. मी तुला चोर म्हटलं ते चुकलं, असं प्रत्येकाला तोंडाने सांगितलं. मावशीला ऐकू कमी येतं, तिला तीनदा सांगावं लागलं.

आणखी एक नियम आहे. पहिलं फळ ज्याने काडी दिली त्याच्याशिवाय तोडायचं नाही. अनाक्लेतो म्हणतो चार वर्षं लागतील. तोवर मी अडुसष्टची होईन आणि तू बासष्टचा. एवढं थांबायचं असलं तर थांब. नाहीतर डिसेंबरमध्ये ये, नदीची जागाही तेव्हाच सांग. आईचं वाळलेलं झाड अजून अंगणात तसंच पांढरं उभं आहे. कुणालाही तोडू दिलेलं नाही. माझ्या एकटीच्याने ते होणार नाही, आणि दुसऱ्या कुणी शिडी लावलेली मला बघवणार नाही.

करवत आणू नकोस. तुझी इथेच आहे, त्याच खिळ्याला. पुरावा म्हणून ठेवली होती, पण गंजू नये म्हणून दर सांजुआंवला मी तिला तेल लावत आले आहे. नऊ वर्षं. का, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

बसची वेळ कळव, मी अड्ड्यावर येईन.

तुझी ताई
जुरेमा